गादीखालची माती

"हे बघा ताई, मी आडपडदा ठेवत न्हाय," उत्सवाचे यजमान हिंदुरावदादा दारातूनच म्हणाले. "पूर्वरंग तुमी करा. मधल्या हाराला मी उठनार. हार ज्याच्या गळ्यात पडंल, त्यानं उत्तररंग करायचा. आनि फुडच्या सालापासनं हितली गादी त्याची."

राममंदिराच्या मागच्या खोलीत गोदावरी नऊवारीच्या निऱ्या सारख्या करत होती. तिचे हात तिथेच थांबले. मंजुनाथ तबला सुरात आणत होता, त्याने हातोडी खाली ठेवली. मी पेटीवरचं कापड उगाच दोनदा झटकलं. आणि ज्यांच्या गळ्यात हार पडू शकत होता ते दुसरे, सोलापूरचे देवदत्तबुवा, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कोमट पाण्याचे घोट घेत होते. त्यांनी पेला ओठांपासून काढला नाही.

कीर्तनाची मांडणी ज्यांना माहीत असेल त्यांना दादांची अट किती कडक होती ते कळेल. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग. एक पद घ्यायचं, त्यातला विचार उलगडून दाखवायचा. मग थोडा विसावा. यजमान उठतो, कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का लावतो, गळ्यात हार घालतो आणि पाया पडतो. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. हा मधला हार म्हणजे श्रोत्यांची पावती. पूर्वरंग एकाचा आणि हार दुसऱ्याला, असं माझ्या इतक्या वर्षांच्या साथीत मी पाहिलेलं नव्हतं.

"दादा, ही गादी नारायणबुवांची," मी न राहवून म्हटलं. "त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची."

"वैजूमावशी, मला काय बुवांचा राग हाय का?" दादा माझ्याकडे वळले. "बुवांच्या मांडीवर खेळलोय मी. पन मागल्या साली बुवा आजारी पडले, आमी दुसरं कोन तरी आनलं. त्या बाबानं गादीवरनं सांगितलं, अमका पाला बांधला की सापाचं इख उतरतं. कुटं वाचलं? तर मोबाइलवर. पंधरवड्यात माझ्या वस्तीवरच्या गड्याला पान लागलं, साप चावला. त्याच्या बायकोनं दवाखाना सोडून पाला बांधला. का? तर गादीवरनं सांगितलं व्हतं. गडी वाचला, पन पाय गेला त्येचा."

दादा उंबरा ओलांडून आत आले.

"गादीवरचा शब्द आमची मानसं औषिदासारखा घेत्यात. देवदत्तबुवा वयानं जानते हायेत, शास्त्र शिकलेत. तुमी, ताई, नोकरीवाल्या. शनवार-रविवारच्या कीर्तनकार. राग मानू नका."

"नाही मानत," गोदावरी म्हणाली. "अट मान्य आहे."

दादा गेल्यावर मंजुनाथ हळूच म्हणाला, "अक्का, आज तो सरडा सोडू नका. लोक उठून जातील."

"तो सरडाच तर हसवणार आहे त्यांना," ती म्हणाली आणि हसली. पण चिपळ्या तिने उलट्या हातात घेतल्या, मग बदलल्या.

नारायणबुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. घरात ते आता पाटीवर लिहून बोलतात. चांगलं खणखणीत भांडतातसुद्धा. त्यांची लेक गोदावरी सोलापुरात सात रस्त्याजवळ माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती चाळायची, मापायची, तिच्यात काय आहे काय नाही ते सांगायचं. तिथेच तिला आजच्या कीर्तनाचा विषय सापडला. मातीत पालापाचोळा कुजून जो काळा, मऊ, कसदार अंश तयार होतो त्याला ह्यूमस म्हणतात. हा शब्द ती दिवसातून कितीदा तरी उच्चारायची. एकदा तिला वाटलं, हा कुठला शब्द? वाचनालयातले जाडे कोश काढले, वडिलांना विचारलं, आणि बापलेक दोन महिने त्या एका शब्दामागे लागले. मी संध्याकाळी सरावाला जायची तेव्हा पाटी भरलेली असायची.

एकदा तिने उत्साहाने विचारलं होतं, "बाबा, आणि कानडीतलं मण्णु? मण्णु म्हणजे माती. मनुष्य, मण्णु. हेही त्यातलंच धरायचं?"

बुवांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नाही." खाली रेघ ओढली. मग बारीक अक्षरात, "गोड आहे म्हणून खरं होत नाही."

मंडप देवळापुढच्या मोकळ्या जागेत घातला होता. चैत्रातलं ऊन उतरणीला लागलेलं, तरी कापडाखाली भट्टी. जमीन सारवलेली. गादी म्हणजे काही सिंहासन नव्हे. घोंगडीची घडी, तिच्यावर पांढरं कापड. पण त्या कापडावर पाय ठेवला की माणूस बदलतो. थोरलेसुद्धा त्याच्या पाया पडतात, कारण तिथे तो नसतो, नारद असतो. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. वळसंगच्या या बाजूला अर्धं गाव घरात कानडी बोलतं, अर्धं मराठी, आणि भांडण लागलं की सगळे दोन्ही. बायकांमध्ये अगदी पुढे गौरम्मा बसल्या होत्या, गावातल्या सगळ्यांत जुन्या श्रोत्या. कीर्तनकार चुकला तर त्या पदराआड हसतात आणि ते सगळ्यांना ऐकू जातं. पुरुषांत पुढे हिंदुरावदादा, शेजारी देवदत्तबुवा. मध्ये ताटात हार.

नमन झालं. गोदावरीने बुवांनीच रचलेलं पद घेतलं:

"वाकलासी खाली तरी माती होते सोयरी,
ताठ उभा राहसी त्याला जागा नाही भूवरी."

सूर चांगला लागला. मी श्वास सोडला.

"मंडळी, शेतात ह्युमिकचं खत कोण कोण सोडतं?" तिने विचारलं.

पुरुषांत हात वर झाले. कीर्तनात ह्युमिक निघालं म्हणून एक पोरगा फिसकन हसला.

"त्या बाटलीवरचं नाव कुठून आलं? तर ह्यूमस या शब्दावरून. हा शब्द लॅटिन, रोमी लोकांच्या जुन्या भाषेतला. त्यांच्याकडे ह्यूमस म्हणजे माती, पायाखालची भुई. त्याच शब्दाच्या घरातला त्यांचा होमो, म्हणजे माणूस. मातीचा तो माणूस. इंग्रजीत ह्यूमन म्हणतात तो हाच. आणि जो मातीच्या जवळ, खाली, तो त्यांच्या भाषेत ह्यूमिलिस. त्याचा इंग्रजीत झाला हंबल. हंबल म्हणजे?"

"नम्र," शाळेतली एक मुलगी ओरडली.

"नम्र! म्हणजे माती, माणूस आणि नम्रता, तिन्ही एका घरची. आणि आपण म्हणतो, हा माणूस जमिनीवर आहे. जमीन हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तोही ह्यूमसचा चुलतभाऊ. रशियात जमिनीला म्हणतात ज़ेमल्या. ऐकलं? जमीन, ज़ेमल्या. भावंडांचे चेहरे लपतात का?"

मंजुनाथने तिथे एक छोटी तिहाई टाकली. दादांची मान हलली, पण किंचितच.

मग तिने सरडा सोडला. "ग्रीक लोकांचा जमिनीसाठीचा शब्दही याच कुळातला. रंग बदलणारा सरडा असतो ना, त्याला ते म्हणाले जमिनीवरचा सिंह! त्याचंच इंग्रजीत कॅमेलिअन झालं. आपल्या बांधावर बसून मान हलवतो तो सिंह बरं का. आणि आपल्यातही असतात काही. ग्रामपंचायतीत सिंह, घरी गेल्यावर बांधावरचे."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुणीतरी पुरुषांतून नाव घेऊन ओरडलं, "तुला म्हनत्यात रे!" मंजुनाथ माझ्याकडे बघून डोळे मिचकावायला लागला.

पुढे ती संस्कृतात आली. तिथे फार सांभाळून बोलली. "जुन्या संस्कृतात पृथ्वीला क्षम् म्हणत, तोही शब्द याच घरचा. कोशात क्षमा हे पृथ्वीचं नाव आहे. आपण ज्याला माफी म्हणतो तीही क्षमा. आता या दोन क्षमा एकाच मुळाच्या की वेगळ्या, यावर पंडितांचं एकमत नाही. मी ठामपणे सांगणार नाही. पण नांगराने फाडलं तरी जी कणीस देते तिला क्षमा म्हणावंसं वाटलं, यात नवल नाही."

देवदत्तबुवांच्या तोंडून "वा" निघालं. ते मनापासूनचं होतं. माणूस सरळ आहे तो. गादी हवी असली म्हणून काय झालं?

आणि तेवढ्यात गौरम्मा उठून गुडघ्यांवर आल्या. डोळे चमकत होते.

"अगं बाई, मग आमचं मण्णु!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "मनुष्य अंद्रे मण्णु, मनुष्य म्हंजेच माती! आमच्यात माती म्हंजे मण्णु. हे बी तेच की!"

अर्धा मंडप एकदम जागा झाला. "व्हय की! मण्णु, मनुष्य!" "होदु, होदु!" बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. इतका वेळ रोम, ग्रीस, रशिया अशी पाहुण्यांची नावं चालली होती, आता त्यांच्या स्वतःच्या अंगणातला शब्द पंगतीला बसला होता.

गोदावरी त्या आनंदात वाहून गेली. तिने चिपळ्या वर केल्या. "व्हय की, आजी! ह्यूमन, मनुष्य, मण्णु! सगळे एकाच मातीचे!"

टाळ्या कडाडल्या. पुरुषांतून कुणी तरी जयघोष केला. हिंदुरावदादा हसले, दिवसभरात पहिल्यांदा, आणि त्यांचा हात ताटातल्या हाराकडे गेला.

मी मात्र पेटीवरच्या बोटांकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे पाटी होती. खाली रेघ ओढलेला तो शब्द.

देवदत्तबुवांकडे पाहिलं. मांडीवर ताल धरलेली त्यांची बोटं थांबली होती. त्यांना कळलं होतं. ते आधी दादांकडे, मग गोदावरीकडे बघून गप्प राहिले.

गोदावरीने पदाचा चरण पुन्हा धरला. "वाकलासी खाली तरी..." आणि पोरीचा सूर हलला. लहानपणापासून मी तिला स्वर देते आहे. ताप असताना, भूक लागलेली असताना, तिचा षड्ज कधी हललेला मला आठवत नाही. मी पेटीवर तो जोरात दाबून धरला. मनात म्हणत होते, जाऊ दे गोदे. पुढे चल. शब्दाचं नातं आहे, सापाचं विष नव्हे. कुणाचा पाय जाणार नाही यात. रामराया, आज एवढं झाकून घे.

दादा हार घेऊन उठले. ते गादीकडेच येत होते, बुवांकडे नाही. सगळ्यांना दिसत होतं.

"थांबा, दादा," गोदावरी म्हणाली.

दादा थबकले.

तिने चिपळ्या गादीवर ठेवल्या, पायांतले चाळ सोडले, आणि पांढऱ्या कापडावरून खाली उतरली.

मंडपात कुजबुज उठली. "घेरी आली काय?" "पानी द्या, पानी!" ती काय करते आहे ते मला एकटीला माहीत होतं. नारायणबुवांच्या घराण्याची ही जुनी रीत. गादीवरून चुकीचं बोललं गेलं, तर तो शब्द गादीवर उभं राहून मागे घेता येत नाही. खाली उतरायचं, भुईला कपाळ टेकवायचं, चूक सांगायची, आणि श्रोत्यांतल्या यजमानाने 'या' म्हटल्याशिवाय परत चढायचं नाही. मोडनिंबला एकदा बुवा असे उतरले होते. पण ते नारायणबुवा. त्यांना मंडपाने त्याच क्षणी वर बोलावलं होतं. आणि तिथे गादीवर डोळा ठेवून दुसरा कुणी बसलेला नव्हता.

गोदावरीने सारवलेल्या जमिनीवर कपाळ टेकवलं. उठून हात जोडले.

"मंडळी, क्षमा करा. आत्ता मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मण्णु हा शब्द ह्यूमसच्या घरचा नाही. तो वेगळ्या कुळातला, दक्षिणेकडच्या भाषांचा, आणि स्वतःच्या पायावर उभा असलेला. मनुष्य या शब्दाचाही या दोघांशी संबंध नाही. मला हे ठाऊक होतं. वडिलांनी बजावलं होतं. तुम्ही हसलात, टाळ्या वाजवल्यात, आणि मी वाहवत गेले. बाकी सांगितलेलं कोशात पाहून सांगितलं आहे. हे एवढं खोटं होतं. यजमानांनी बोलावल्याशिवाय मी आता वर चढणार नाही."

टाळ्या वाजवलेले हात मांड्यांवर पडले. गौरम्मा खाली बसल्या. त्यांचा चेहरा असा झाला, जणू जेवणाच्या पंगतीतून उठवलं आहे.

"म्हंजे आमचं मण्णु भाएरचं?" त्या पुटपुटल्या.

"गादी रिकामी झाली," पुरुषांतून एकजण म्हणाला. "उतरल्या त्या. आता बुवांना बसवा."

"व्हय, अट काय ठरली व्हती?"

मंजुनाथचे हात तबल्यावरून उचलले गेले. पेटी मात्र मी सोडली नाही. भाता चालू ठेवला, षड्ज दाबून. स्वर चालू आहे तोवर कीर्तन चालू आहे, ही आम्हा साथीदारांची समजूत. दादांनी माझ्याकडे हात केला. "मावशी, पेटी थांबवा."

"ती थांबली तर कीर्तन मोडलं, दादा. ते पाप मी घेणार नाही. तुम्ही बोला, सूर मध्ये येत नाही."

त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. पण पुन्हा सांगितलं नाही. हार हातात तसाच. ते गोदावरीपुढे येऊन उभे राहिले. ती जमिनीवर, ते जमिनीवर, मध्ये रिकामी गादी.

"ताई, हे तुमी सांगितलं नसतं, तर आमास्नी कुटं कळनार व्हतं?"

"तुम्हाला नसतं कळलं."

"मग? हार घेऊन मी तुमच्याकडंच निगालो व्हतो. दिसत न्हवतं?"

"दिसत होतं." तिचा आवाज आता स्थिर होता. "तुमच्या गड्याला पाला बांधायला सांगणाऱ्यालाही लोकांच्या टाळ्याच दिसल्या असतील, दादा."

दादांच्या मानेवरची शीर तटतटली. मला वाटलं, संपलं. ते वळले आणि सरळ देवदत्तबुवांसमोर गेले. हार पुढे आला. मी डोळे मिटून घेतले, भाता चालूच.

"बुवा, एक इचारतो. ह्या म्हनत्यात ते खरं हाय? मण्णु येगळं?"

"खरं आहे," देवदत्तबुवांचा आवाज खाली होता. "वेगळ्या कुळातलं आहे."

"तुमाला आत्ता कळलं का आधी ठावं व्हतं?"

बुवांनी मांडी बदलली. "आधी ठाऊक होतं."

"मग बोलला न्हाई?"

"गादीवर उभ्या असलेल्याला मध्येच टोकू नये, असा नियम आहे, हिंदुराव."

"त्यो हाय. पन मी हार घेऊन उठलो, तवा तर टोकता आलं असतं? त्या वाटनं दहा वेळा बोलता आलं असतं."

बुवांनी कपाळावरचा घाम पुसला. खोटं बोलायला जागा होती. भर मंडपात, सगळ्यांसमोर, ते म्हणाले, "मी वाट बघत होतो. हार त्यांच्या गळ्यात पडल्यावर, उद्या तुमच्या कानावर घालायचं असं मनात होतं. मला गादी हवी होती."

अख्ख्या मंडपात फक्त माझी पेटी वाजत होती.

हिंदुरावदादांनी हातातला हार पाहिला, जणू तो तिथे कसा आला हे त्यांना आठवत नव्हतं. मग ते सावकाश गादीपाशी आले. चपला त्यांनी आधीच काढल्या होत्या. तरी पांढऱ्या कापडावर पाय पडू नये म्हणून कडेने वळसा घातला.

"या," ते म्हणाले. "वर या, ताई."

गोदावरी हलली नाही. तिला बहुतेक ऐकूच आलं नाही. तेव्हा गौरम्मा बायकांमधून म्हणाल्या, "बा मगळे, मेले बा! ये पोरी, वर ये. दादा बोलवतोय की. आनि मण्णु आमचं भाएरचं असंल तर असू दे. उद्या जेवायला मातर आमच्याच घरी यायचं, सांगून ठेवते."

एकदम हशा फुटला, त्यात रडूही होतं. गोदावरी वर चढली. दादांनी तिच्या कपाळाला बुक्का लावला. तिथे आधीच सारवणाची माती लागलेली होती. त्यांनी ती पुसली नाही, तिच्यावरच बोट ठेवलं. हार घातला. आणि तो उंच, आडदांड माणूस वाकला, डोकं तिच्या पायांवर ठेवलं, उठताना हळूच म्हणाला, मला जवळ बसल्यामुळे ऐकू आलं, "बुवांना सांगा, गादी त्यांच्याच घरात हाय."

ती चाळ बांधायला बसली. देवदत्तबुवा उठले. लोकांनी वाट दिली. वाटलं, ते निघून चालले. ते आले आमच्या बाजूला, मंजुनाथच्या मागे ठेवलेली झांज उचलली आणि टाळकऱ्याच्या जागी उभे राहिले.

"बुवा, तुम्ही?" गोदावरी गडबडली.

"मागे पद धरतो, स्वर काय आहे? पेटीची काळी चार ना?" ते म्हणाले. "घ्या. पण त्या सरड्याचं मला नंतर सांगा. मी आधी कधी ऐकलं नव्हतं ते."

मंजुनाथने ठेका धरला. बुवांची झांज पहिल्या आवर्तनात जराशी मागे पडली. हाताला सवय राहिली नव्हती. तिसऱ्यात जुळली. गोदावरीने पदर खोचला, मंडपावरून एकदा नजर फिरवली, आणि आख्यानात मिथिलेत दुष्काळ आणला. माणसं, गुरं, कोरड्या विहिरी. मग राजाला राजवाड्यातून बाहेर काढलं, मुकुट उतरवायला लावला, अनवाणी शेतात आणलं, आणि जनकाच्या हातात नांगर दिला.